घोड्यावरचा तो कुणाचा?

प्रिय वहिनी,

टाउनशिपच्या कम्युनिटी हॉलमध्ये तुमच्या माघारी तुमच्या नावाने मुलांचं वाचनालय निघतंय. मी छाती फुगवून म्हणालो, "इतिहासाची चित्रपुस्तकं मी निवडतो." गोविंदपुऱ्यातल्या माझ्या कारखान्यात नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलेलं ओळखतो मी, पुस्तकं काय अवघड? आता एकाच पुस्तकापाशी अडलोय, म्हणून तुम्हालाच लिहितोय.

पुस्तक देखणं आहे हो! मराठी फौजेतला बारगीर, उधळलेला घोडा, मागे केशरी आभाळ. शेजारच्या घोषबाबूंची नात मिठू पानं उलटताना थबकली.

"दादू, ये तो बर्गी है!"

"बर्गी कौन?"

"जो गाँव जलाता है. दीदा बोलती है, सो जा, नहीं तो बर्गी आएगा."

मी हसलो. मग कान टवकारले. बर्गी... बारगीर! अहो, हा तर आपलाच शब्द, मराठ्यांच्या स्वाऱ्यांबरोबर बंगालात जाऊन बागुलबुवा झालेला!

"आप लोग बर्गी थे?" तिने विचारलं.

काय सांगायचं होतं, वहिनी? ते आम्ही नव्हेच म्हणावं, तर त्यांच्या पराक्रमाला 'आपला' म्हणून टाळ्या कुठल्या तोंडाने वाजवायच्या?

तुमची पारखायची रीत आठवते. मजकुरावर तळहात ठेवून क्वार्टरांतल्या सगळ्या पोरांना चित्र दाखवायचात, "यात तू कुठे आहेस?" मल्याळी सुजा घोड्यावर चढायची, पंजाबी बिट्टू तंबूत शिरायचा. एखादं पोर गप्प बसलं की पुस्तक बाजूला!

"अशाने कपाट रिकामं राहील," मी चिडवायचो.

"राहू द्या भाऊजी, पुसायला सोपं."

पण गप्प बसलेल्या पोराशी पुढे काय बोलायचं, ते का नाही शिकवलंत? पुस्तक बाजूला ठेवलं की संपलं, होय?

पुस्तक ठेवलं, तर मिठू त्या कपाटाकडे फिरकायची नाही. काढलं, तर माझ्या नातवाला बारगीर कळणार कसा? आणि कमिटीला शनिवारी उत्तर हवंय.

तुम्हाला शब्द देतो. आत्ताच हो-नाही म्हणत नाही. उद्या नातवाला घेऊन मिठूच्या दीदाकडे, घोषवहिनींकडे जातो, पुस्तक त्यांच्यापुढे उघडतो आणि बर्गीची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकतो. मिठूलाही शेजारी बसवतो. आणि गोष्टीतलं गाव जळायला लागलं ना वहिनी, की "ते आपले नव्हते" असं म्हणणार नाही.

तुमचा,
विनू भाऊजी