नव्या स्प्रिंगा, जुना अ‍ॅक्सल

सोमवार, १२ जानेवारी, संध्याकाळ

बर्फ ढकलायचा पुढचा स्नो प्लाऊ उचलला की ट्रकचं नाक चार बोटं खाली बसायचं. आज जाड स्प्रिंगा घालून घेतल्या, तर एक बोटही बसलं नाही. मी गड जिंकल्यासारखा हसलो. मेकॅनिक टोनी हसला नाही. "प्रोफेसर, नाक वर आलं, पण वजन कुठे गेलं? ते पुढच्या चाकांच्या अ‍ॅक्सलवरच आहे. हा ट्रक एवढ्या प्लाऊचा नाही. मोडेल."

उद्या पहाटेपासून बर्फ आणि दहा वाजता बायकोचं, सुधाचं, डायलिसिस. टेकडीवरचा आमचा रस्ता खाजगी, टाऊनची बर्फ काढणारी गाडी इथे येत नाही. गेल्या वर्षी सुधा म्हणाली होती, खाली आयसेलिन गावात फ्लॅट घेऊ, डायलिसिस सेंटर जवळ पडेल. तेव्हा मी केवढा गरजलो! माणसानं आपला रस्ता आपण मोकळा करावा! इथल्या मराठी मंडळात याच वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. घरात ती गप्प बसली. मला वाटलं, पटलं. पटलं होतं का? मी विचारलं तरी का?

चार बोटं. तेवढी वर आली की सगळं निभेल, असं धरून चाललो होतो.

मघाशी टोनीचं म्हणणं तिला सांगताना उगाच लांबण लावली. ती म्हणाली, "अहो, भाषण पुरे. फावडं कुठंय?"

"मी काढीन बर्फ."

"हृदयात दोन स्टेंट घेऊन? बसा गुमान."

फावडं तिनंच शोधून दाराशी ठेवलं, शेजारी डायलिसिसची पिशवी.