पाण्याविना ठेवलेली रोपं

"झाडं काही पळून जात नाहीत, आधी नोकरी धर," असं तुम्ही म्हणाला होतात, बाबा. दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरच्या व्हरांड्यात, ऑफिसला निघताना, बुटाची नाडी बांधत. मी नुकतीच बारावी झाले होते आणि मला वनशास्त्र शिकायला बाहेरगावी जायचं होतं. तुम्ही रागावला नव्हतात, मान वर करून पाहिलंही नव्हतंत. मी दिल्लीतच एमएस्सी करून नोएडात नोकरी धरली, तिथेच केस पिकायला लागले. तुमच्यानंतर ती सोडली आणि वनशास्त्रात पीएचडीला नाव घातलं. आता आपली क्वार्टर्स पाडून तिथे टॉवर झालेत. समोरचे कडुनिंबही गेले. हे टोमणा म्हणून लिहीत नाही, तुम्हाला सांगायचं राहिलं होतं एवढंच.

माझं काम फरीदाबादच्या बाजूला, अरवलीच्या एका टेकडीवर चालतं. धौ म्हणून झाड आहे, आपल्या धावड्याचं इकडचं भावंड. खडकाळ जमिनीत त्याची रोपं पाण्याविना पहिला उन्हाळा काढतात का, एवढाच माझा प्रश्न. अर्ध्या रोपांना पाणी द्यायचं, अर्ध्यांना थेंबही नाही, आणि दोन्हींची वाढ मोजायची. पाणी नसलेल्यांना खूण म्हणून मी लाल दोरा बांधला. पूजेच्या सामानाच्या दुकानात तोच मिळाला. मे संपत आला तरी दोऱ्याची रोपं हिरवीगार. मी हरखून गाइडना फोटो पाठवत होते.

एका सकाळी नेहमीचा दिवस सोडून गेले, तर खालच्या गावातली एक बाई हंडा कमरेवर घेऊन उभी आहे आणि नेमकी दोऱ्याच्या रोपांनाच पाणी घालते आहे.

"चाची, ये क्या कर रही हो?"

"तेरा ही काम. धागा बाँध के चली जावै सै, पानी कौन देगा? मन्नत सूखी रह गई तो?"

"ये मन्नत नहीं है. पढ़ाई है मेरी."

"इस उमर में?" ती हसत सुटली. "फेर तो मन्नत ही सै."

गावातल्या बायका आळीपाळीने येत होत्या म्हणे. कुणाची कोण, पण नवस बोललेली बाई आहे, तिचं झाड वाळायला नको. मी दगडावर बसले. तिने हंड्यातलं उरलेलं पाणी माझ्या ओंजळीत ओतलं. सबंध उन्हाळ्याची मोजमापं वाया गेली होती आणि ते पाणी गार होतं.

गाइड माझ्यापेक्षा लहान आहेत, भले आहेत. "मॅम, उन पौधों को छोड़ दीजिए. बाकी में थीसिस बन जाएगी. नहीं तो एक साल और." पण ती रोपं वगळली, तर माझा प्रश्नच उरत नाही. मी म्हटलं, एक साल और. बरोबरीची मुलं मलाही मॅमच म्हणतात आणि चहाला आपापली निघून जातात. त्या दिवशी फ्लॅटवर येऊन हे कुणाला सांगावं, ते सुचेना. मराठीत तर कुणालाच नाही.

पावसाळ्यात नवी रोपं लावली. या खेपेला खुणेला दोरा नाही, पत्र्याच्या पट्ट्या. गावात जाऊन बायकांना समजावलं, पाणी घालायचं नाही, कृपा करा. चाची म्हणाली, "ठीक सै, प्यासी मारनी सै तो मार." आता पुन्हा उन्हाळा आहे आणि कुणी येत नाही. रोपं वाळताहेत, काही तग धरून आहेत, मी मोजपट्टी लावून मोजते. काम अगदी हवं तसं चाललंय.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून कबूल करते. त्या बायका यायच्या थांबल्यापासून टेकडीवर जायला जड जातं. एखाद्या रविवारी माझ्याबरोबर चला ना, बाबा. ऊन चढायच्या आत परत आणून सोडेन. तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणाल, "तिथे माझं काय काम?" काम काहीच नाही. नुसते बसा. याल?