शनिवारची राहिलेली शर्यत

थेसालोनिकी, गुरुवार

प्रिय बाबा,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुमचा गुडघा कसा आहे?

काल अखेर हवा तसा वारा आला आणि आमच्या जागतिक स्पर्धेतली शेवटची शर्यत सुरू झाली. तेवढ्यात एक मालवाहू जहाज शर्यतीतल्या मुलांच्या छोट्या, शिडाच्या होड्यांकडे वळलं. शर्यतीची अधिकारी म्हणून मीच झेंडा चढवून शर्यत थांबवली. आज-उद्या वारा नाही, म्हणून ती आता शनिवारी होणार. पंच लाझारोसकाका म्हणाले, "झालं! आता शनिवारीही इथेच नांगर टाकून बसा, बाईसाहेब."

शनिवारी आईचा चाळिसावा, तिला जाऊन चाळीस दिवस होतील. घरातली पहिली पदवीधर मी, पण एका दिवसाची सुट्टी मिळवता आली नाही.

प्रार्थनेनंतर चर्चमध्ये तिच्या नावाने वाटायचे गहू तुम्हीच उकडा. कापडावर नीट सुकवा, नाहीतर त्यांवर पसरलेली साखर विरघळते. साखरेवर बदामांनी आईचं नाव लिहा. वाकडं आलं तरी पुसू नका. तिला तुमचं अक्षर ओळखता येईल.

तुमचीच,
आस्मिना