इंजन पाणी पितंय तवर

माघ शु. ५, शके १८६७
लातूरहून लेकीचं, गोदीचं, कार्ड. म्या सवता वाचलं, बोट ठिवून. अष्टमीला छोट्या गाडीनं बार्शीला जाणार, दिराच्या लग्नाला. सासू संगं, तिचं म्हायेरच बार्शी, इंग्रजी मुलखातलं. इथं उतरायचं न्हाय म्हणं. आन् बाळाचं जावळ तिथंच उरकणार. मामाच्या मांडीबिगर! सख्खा मामा इथं ठेसनाच्या तळ्यावर पंप चालवतो, आन्...
भाकरी ग्वाड लागली न्हाय.

षष्ठी
माणिक म्हणला, "आई, टाकी म्या सकाळीच भरतो. इंजन पाणी पितं तेवढा वेळ माझाच की. तेवढ्यात जावळ उरकू." ल्योक शाना हाय माझा.
तळ्यावर जाऊन आले. लई आटलंय. कापसाच्या जिनातल्या लोकांची हौसेची नाव चिखलात रुतलीय. करकोचे मातर खुशीत, त्यांना चिखलच पायजे. पाणी तळाला गेलं की गाडी थांबत न्हाय, निस्ती शिटी मारून जाती. देवा, दोन दिस दम धर.

अष्टमी
थांबली! थांबली बाई!
लिंबाजी न्हावी वस्तरा परजूनच हुता. विहीणबाई खिडकीतून, "अगं बया, ठेसनावर जावळ? मोगलाईत काय बी व्हतं!"
म्या म्हणलं, "व्हय, तुमच्या इंग्रजी मुलखात पाणी तरी मिळतं का इंजनाला?"
गोदी पोराला घिऊन खाली. माणिकनं मांडीवर घेतलं. पोरगं रडंना, इंजनाकडंच बघतंय. उजवी बाजू झाली आन् शिटी. करकोचे भुर्रकन उडाले. डायवर वरडला, "अम्मा, हौर कित्ता?" म्या म्हणलं, "घोटभर पाजा की अजून, दादा!" हसला. टाकी वतू जाईतवर थांबला बिचारा. देव त्याचं भलं करो.
तरी डावी बाजू राह्यली.
म्हणलं आता विहीणबाई फाडून खाणार. तर त्या पदर तोंडाला लावून हसाय लागल्या. कुंची वढली पोराच्या डोक्यावर. "लग्नात ही काढायची न्हाय. उरलेलं येताना. मामाच्याच मांडीवर." माझ्या डोळ्याला पाणी.

नवमी
उजव्या बाजूचं जावळ कणकेच्या गोळ्यात, कोनाड्यात ठिवलंय. तळ्यात सोडीन, पर दोन्ही बाजूंचं संगंच.
गाडी पुनवेला माघारी. पाणी मोजाया माणिकनं कालच तळ्यात काठी रवलीय. कालच्यापरीस बोटभर खाली.
आजपसून धुणं लांबच्या हिरीवर. पाय दुखतात, दुखू द्या. तेवढंच इंजनाला उरंल.