वैशालीने ढकललेली गाडी

शनि. १० जाने.

वेंगुर्ल्याच्या अलीकडचं एक लहान गाव. जळगाव सोडून चौथा दिवस. पिंप्राळ्याच्या गॅरेजवाल्याने व्हॅनमध्ये बसवलेला पलंग अजून कुरकुरत नाही. एक शेगडी, पाण्याचा कॅन, खिडक्यांना जुन्या साडीचे पडदे. एवढं घर पुरतं, हे कळायला इतकी वर्षं लागली.

संध्याकाळी शिरपूरहून वडिलांचा, आबांचा, फोन. रोजचाच प्रश्न, ‘वैशाली काय करी राह्यनी?’
‘भाकरी करतेय,’ मी म्हणाले.
भाकरी मीच करत होते. वै., माझ्याबरोबर निघणारी मैत्रीण, जळगावातच आहे. निघायच्या आदल्या दिवशी तिच्या सासूबाई पडल्या. ती राहिली, मी निघाले. आबांना सांगितलंच नाही. त्यांना काळजी नको म्हणून, असं चार दिवस स्वतःला सांगतेय. खरं कारण असं की त्यांनी ‘परत ये’ म्हटलं असतं, तर मी मुकाट्याने गेले असते. चव्वेचाळीस वय. लायब्ररीत अख्ख्या कॉलेजला गप्प बसवते.

रवि. ११ जाने.

आज कुठेही जायचं नाही. काही बघायचं नाही. साडेआठला उठले, दोनदा चहा घेतला, दोन्ही वेळा पूर्ण कप.

मग गाडी पार पाण्याजवळ नेली. ओली, घट्ट वाळू. पाणी उतरलेलं होतं, म्हणजे आता उतरलेलंच राहणार, असं धरलं. आपल्याकडे तापीचं पाणी उतरलं की धरणाचे दरवाजे उघडेपर्यंत चढत नाही, आणि उघडण्याआधी भोंगा वाजतो. भरती-ओहोटी शाळेत पाठ केली होती, दहापैकी नऊ मार्क. पण पाय तापीकाठचे. मागचं दार उघडं टाकून लोळत वाचत होते. तासाभराने सुकट वाळवणाऱ्या एक काकी धावत आल्या.
‘गे बाय, गाडी थंय कित्याक लावलंस? भरती येतली!’
मी विचारलं, ‘पाणी कोण सोडतं इथे?’ खरंच विचारलं!
काकी सूप खाली ठेवून पोट धरून हसल्या, मग आभाळाकडे बोट दाखवलं. ‘वयलो सोडता! बेगीन काढ!’

मागचं चाक रुतलं. लाट टायरला लागून गेली. काकी म्हणाल्या, ‘माणसां हाडू?’ ‘आणा’ अगदी ओठांवर आलं होतं. पण आबांनी काळ्या मातीत रुतलेला कापसाचा टेम्पो कसा काढायचा ते शिकवलं होतं, ते आठवलं. रेस करायची नाही, चाक गरगर फिरू द्यायचं नाही, चालवायचं. ताटलीने वाळू उकरली, पलंगाखालची दोन बारदानं चाकाखाली सारली, दुसरा गियर, अगदी हळू. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा गाडी सुरकन वर! काकींनी टाळ्या वाजवल्या. मी एकटी ओरडले, चांगली मोठ्याने. आयुष्यात असं कधी...

नंतर मस्त. नारळाखाली गाडी, शेवेची भाजी (शेव घरची), काकींनी दिलेली सोलकढी. दुपारी तीन तास झोप. उठून पाण्यात गुडघ्यापर्यंत. अपराधी वाटतंय का, तपासलं. नाही वाटलं.

संध्याकाळी आबांना सगळं सांगायचं होतं. सांगत सांगत बारदानांपर्यंत आले.
‘मंग वैशालीनी ढकली व्हई ना गाडी?’
‘हां. तिनीच.’
फोन ठेवल्यावर कळलं काय केलं ते. माझी गाडी मी वैशालीला देऊन टाकली. जेवण गेलं नाही.

सोम. १२ जाने.

सकाळी मीच लावला फोन. इकडचं तिकडचं न बोलता: आबा, वैशाली नाहीये. पहिल्या दिवसापासून नाहीये. मी एकटी आहे.

पलीकडे पाण्याच्या मोटरीचा आवाज येत होता, आबा शेतात असावेत.
‘एकली?’
‘हां.’
‘माले का बरं नही सांगं?’
‘तुम्ही परत बोलावलं असतं.’
‘बलावतूच.’
मग, ‘बारदान मांगला चाकखाल टाकं का पुढला?’
‘मांगला.’
‘हं. ...ढकली कोनी?’
‘कोनीच नही. गाडी चालली.’
त्यावर जो आवाज आला तो हसू होतं की खोकला, सांगता येत नाही. मी हसू धरून चाललेय. हे बरोबर नाही, पण धरलंय.
‘गहूले पानी सोडेल शे. सांजले बोलसू,’ म्हणाले. ठेवला.

सांजेला काय बोलतील? ‘ये’ म्हणाले तर मी काय म्हणेन, ते इथे लिहीत नाही. लिहिलं की तसंच वागत बसेन.

बारदानं झटकून घडी केली. काकींनी विचारलं, ‘आता घराक?’ मी मान हलवली, हो-नाही दोन्ही वाटेल अशी. त्यांना काय कळलं कोण जाणे, कोकमाची पुडी खिडकीतून आत टाकली.

साडेदहा वाजलेत. आबांचा फोन येईल तेव्हा मी गोव्यात असेन.