कॅप्टनचा डावा बूट

मी, या कागदाखाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, मुलींच्या फुटबॉल क्लबची माजी बूटवाली, माझ्या मनाने आणि माझ्याच अक्षरात पुढील व्यवस्था लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी आज सकाळी मला तारीख, वार आणि सातचा पाढा विचारला. तिन्ही बरोबर आले, त्याचा दाखला सोबत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला घरात कोणी नाही.

एक. तिसऱ्या मजल्यावरची माझी राहती खोली आणि बँकेत असेल ती शिल्लक माझ्या पुतणीला मिळावी. ती वर्षातून एकदा येते, पण येते तेव्हा चपला दाराबाहेर नीट जोडीने ठेवते. मला तेवढे पुरे आहे. खिडकीचे डावे दार जरा उचलून लावावे लागते, हे तिला सांगावे.

दोन. धाकट्या भावाला, म्हणजे पुतणीच्या वडिलांना, मी काही ठेवत नाही. कारणही लिहिते, म्हणजे तो इतरांना विचारत बसणार नाही. तो नऊ वर्षांचा असताना त्याला फुटबॉलचे बूट आणले. त्याच्या टाचा लगेच सोलायच्या. वडील मला म्हणाले, "तुझे पाय टणक आहेत, चार दिवस तू घाल, मग त्याला दे." मी घातले. घरात, जिन्यात, मागच्या मोकळ्या जागेत. पाचव्या दिवशी ते माझ्या पायाचे झाले आणि त्याच दिवशी काढून द्यावे लागले. वर्षभरात त्याने खेळ सोडला आणि बूट मित्राला देऊन टाकले. मला विचारलेसुद्धा नाही. एवढ्याशा गोष्टीचा राग साठ वर्षे धरतात का, असे तो म्हणेल. धरतात.

तीन. क्लबमध्ये मी कपडे धुवायला लागले होते. एका मुलीचे नवे बूट मी दोन दिवसांत मऊ करून दिले आणि तेव्हापासून तेच माझे काम झाले. ज्यांचे पाय माझ्या मापाचे त्यांचे बूट मी पायात घालून रुळवायची, बाकीच्यांचे हाताने. मुली यायच्या आत मी एकटी मैदानात जायची, नवे बूट घालून एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत चालायची. कधी कोणी बघत नाही असे पाहून धावायचीही. माझे फुटबॉल खेळणे म्हणायचे तर तेवढेच.

बुटात घालून आकार धरायचा माझा लाकडी पायांचा जोड, मऊ ब्रश, चामड्याच्या मलमाचा डबा आणि निळी वही हे सगळे कॅप्टनला मिळावे. कॅप्टन म्हणजे आमच्या संघाची तेव्हाची कॅप्टन. ती आता लहान मुलींना शिकवते आणि माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. वहीतले अक्षर लागणार नाही, म्हणून मुख्य गोष्टी इथे लिहिते. नवा बूट पहिल्या दिवशी वीस मिनिटांच्या वर घालू नये, आणि जाड मोज्यावरच घालावा. नाडी पंजापासून सैल करत यावी, नुसती वरून ओढू नये. चामडे कोमट पाण्याच्या फडक्याने ओलसर करावे. गरम पाणी घालणाऱ्यांचे मी कधी ऐकले नाही, तिनेही ऐकू नये. तळाचे स्टड सिमेंटवर घासू नयेत. खेळून आल्यावर चिखल ओला असतानाच पुसावा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि बूट सावलीत वाळवावा. उन्हात नाही, शेगडीजवळ तर मुळीच नाही. नाडी न सोडता टाचेवर टाच दाबून बूट काढणाऱ्या मुलीला एकदा रागवावे, दुसऱ्यांदा तिचे बूट तिलाच साफ करायला लावावेत.

चार. हे कलम लिहिण्यासाठीच बाकीचा कागद केला आहे.

कॅप्टनचा आणि माझा पाय अगदी एका मापाचा, डावा पाय उजव्यापेक्षा किंचित मोठा, तोसुद्धा दोघींचा सारखा. ती सोळाव्या वर्षी आली तेव्हापासून नऊ वर्षे तिचा प्रत्येक जोड आधी माझ्या पायात आणि मग तिच्या पायात गेला. नवव्या वर्षी स्पर्धेचा अंतिम सामना रविवारी होता आणि क्लबच्या चिटणीसांनी बुधवारी सगळ्यांना एकसारखे नवे बूट आणले. फोटो चांगला यायला हवा होता. मी म्हटले, "चार दिवसांत होणार नाही." कॅप्टन हसून म्हणाली, "मावशी, तुम्ही घातलेत तर होईल."

मी अठ्ठावन्न वर्षांची होते. बुधवार, गुरुवार, शुक्रवार दिवसभर ते बूट पायात होते. उजवा ऐकू लागला. डाव्याची टाच दगडासारखी. शनिवारी सकाळी माझीच टाच फाटली, मोजा चिकटला, बूट पायात जाईना. मी त्यात ओले बोळे कोंबले आणि मन मारून बसले. संध्याकाळी ती आली.

"मावशी, झाले का?"

"झाले. निवांत झोप."

जुने घाल, एवढे मी म्हटले असते तर तिने चिटणीसांना न जुमानता जुने घातले असते. पण मावशीला जमले नाही असे कोणी कधी म्हटले नव्हते, आणि ते मला ऐकायचे नव्हते.

मध्यंतरात तिचा डावा मोजा लाल झाला होता. तिने माझ्याकडे पाहिले आणि पट्टी गुंडाळून परत गेली. टाच टेकवत नव्हती, नुसत्या पंजावर धावत होती. तशीच वळली आणि गुडघा गेला. सामनाही गेला. ती पुन्हा कधी खेळली नाही.

चिटणीसांनी अहवालात लिहिले की बूट नीट तयार केले नव्हते. कॅप्टनने दवाखान्यातून त्यावर सही केली. मला काढले. मी मात्र भेटेल त्याला सांगत सुटले की नऊ वर्षे जिच्यासाठी पाय सोलून घेतले तिने माझ्यावर खोटी सही केली. लोकांना ते पटले. संघातल्या मुलींनीही तिच्याशी बोलणे टाकले. ती कुबड्या घेऊन माझे तीन मजले चढून आली. दाराबाहेरून म्हणाली, "मावशी, भांडायला नाही आले. डाव्याचं काय झालं तेवढं सांगा." मी आत श्वास धरून बसले. मग कुबड्या उतरत गेल्या, एकेक पायरी ऐकू येत होती. वर्षाने तिने मुलींचे नवे बूट रुळवायला पाठवले, पिशवीत चिठ्ठी होती. मी पिशवी तशीच परत धाडली.

तरी मी शुद्धीवर राहून लिहून देते की तिची सही खरी होती. खोटे मी बोलले, शनिवारी तिच्याशी आणि त्यानंतर तेरा वर्षे सगळ्यांशी. हे कलम क्लबच्या फळ्यावर महिनाभर लावावे.

वकिलांनी हे वाचले आणि चष्मा काढून म्हणाले, "आजी, दोन गल्ल्यांवर तर राहतात त्या. जिवंतपणी का नाही सांगत?" मी म्हटले, "तेवढा धीर असता तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

पाच. त्या सामन्याचा तिचा जोड मी मैदानावरूनच घरी आणला होता, तो माझ्या कपाटात खालच्या खणात आहे. तो मी दर महिन्याला पुसून मलम लावते. डावा आता इतका मऊ झाला आहे की हातात घेतला की मुडपतो. तो कॅप्टनला दाखवावा. नको म्हणाली तर टाकून द्यावा, दुसऱ्या कोणाच्या पायात घालू नये.

सहा. चिटणीसांना काही नाही. फोटो त्यांच्याकडे आहेच.

साक्षीदारांबद्दल. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. मग माझ्या ओळखीचे कोणी उरत नाही. म्हणून पहिली सही वकिलांकडच्या टायपिस्टची आहे आणि दुसरी बाहेरच्या बाकावर आपल्या कामासाठी बसलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईची. तिला मी अर्ध्या तासापूर्वी पहिल्यांदा पाहिले. मी पाय ओढत चालते ते पाहून ती म्हणाली, "आजी, घरापर्यंत येऊ का सोबत?" मी सवयीने नको म्हटले. आता सही करते आणि तिला सांगते की घरापर्यंत नको, आधी दोन गल्ल्या पुढे जायचे आहे.

सही : बूटवाली मावशी
साक्षीदार : टायपिस्ट, शिवणकाम करणारी बाई
ठिकाण : वकिलांचे कार्यालय, तळमजला
दिनांक : नऊ फेब्रुवारी, दुपारी सव्वाबारा