बंबात गेलेले पाय

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आजचाही बंबात! रविवारपासून खपून कोरलेला पाय. अण्णांनी डाव्या हातात घेतला, फिरवला आणि म्हणाले, "वाघाचा पंजा हाय का मेथीची जुडी?" उजवा हात लुळा पडल्यापासून ह्या माणसाचा सगळा जोर जिभेत आलाय. गंगापूर रोडच्या रिसॉर्टला ब्रिटिशांच्या काळातल्यासारख्या खुर्च्या हव्यात, वाघाच्या पंजाचे पाय असलेल्या. अण्णा हो म्हणेपर्यंत एकही पाय खुर्चीला लागायचा नाही, हा त्यांचा कायदा. नापास झाला की बंबात. आणि त्याच पाण्यानं साहेब अंघोळ करणार!

१४ नोव्हेंबर

आणखी एक बंबात.

१५ नोव्हेंबर

रिसॉर्टच्या बाईंचा फोन — "हर्षालीताई, जमत नसेल तर तसं सांगा." अण्णा शेजारीच बसलेले. मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "नाय जमायचं तिला." बाईंना ऐकू गेलं! लाजेनं मेले मी. बारावी झाल्यापासून बापाच्या हाताखाली पटाशी धरतेय. एकदा, फक्त एकदा "बरं झालंय" म्हणावं! तेवढंही तोंडातून निघत नाही म्हाताऱ्याच्या.

१७ नोव्हेंबर

माळा आवरताना एक जुना पाय सापडला. सागवानी, पॉलिश काळं पडलेलं. पंजा असा, की आत्ता नखं रुतवेल. आई म्हणाली, "तुझ्या अण्णांनी तरुणपणी केलेला. हा दाखवून तर पहिलं काम मिळालं त्यांना."

बघतच राहिले. माझ्यापेक्षा दसपट चांगला. आणि मग डोक्यात किडा वळवळला. सगळं जुनं पॉलिश घासून काढलं, नव्या लाकडासारखा उघडा केला. आईला बजावलं — गप्प बसायचं. "नको गं हर्षे," म्हणाली. पण बसली गप्प. तिनंही जन्मभर काय कमी ऐकलंय?

१८ नोव्हेंबर

नेऊन दिला हातात. बघितलंसुद्धा नाही धड. "ह्यात जीव नाय. मेलेलं जनावर कोरलंस. टाक बंबात."

"नक्की?"

"बहिरी झाली का? टाक!"

टाकला. आईनं त्याच पाण्यानं त्यांना अंघोळ घातली. अंग पुसून होईपर्यंत थांबले, मग सांगितलं — अण्णा, तो तुमचाच होता. माळ्यावरचा.

"खोटं बोलती," म्हणाले आणि आईकडे बघितलं. आई टॉवेलची घडी घालत राहिली. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. तेव्हा कळलं त्यांना. खाटेवर तसेच उघड्या अंगानं बसून राहिले.

काय बरं वाटलं म्हणून सांगू! दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

२० नोव्हेंबर

अण्णा वर्कशॉपकडे फिरकले नाहीत. शांतता! हात कसा सरसर चालला आज.

२३ नोव्हेंबर

नवा पाय खाटेपाशी नेला. "छान," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा! आईला मिठी मारली. रिसॉर्टच्या बाईंना लगेच कळवलं — काम होतंय.

२५ नोव्हेंबर

सकाळपासून मनात खुटखुटत होतं. म्हणून आज मुद्दाम बिघडवलेला पाय नेला. पंजा वाकडा, नखं तुटकी. अण्णांनी घेतला, सगळीकडून बोटं फिरवली. "छान हाय," म्हणाले. "लाव खुर्चीला."

मग परवाचा? तो खरंच चांगला होता का? कुणाला विचारू आता?